मिस्त्रीचे हात

कोल्हापूरजवळ, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक लहान फौंड्री होती. पंपाच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग अशी लोखंडी कास्टिंग तिथे ओतली जात. मालकाने ती आठ माणसांवर सुरू केली होती. तेव्हा तो स्वतः भट्टीवर उभा राही आणि दुपारी सगळ्यांबरोबर पोत्यावर बसून भाकरी खाई.

त्या आठांमध्ये एक मोल्डर होता. वाळूचा साचा बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचं मिश्रण मिक्सरमधून बाहेर पडलं की तो मूठभर वाळू उचली, दाबी, गोळा मोडून बघी आणि म्हणे, "चालंल." नाहीतर म्हणे, "अजून फिरू दे." या वाळूत पाणी साधारण 3 ते 4 टक्के लागतं. जास्त झालं तर ओतताना वाफ आत अडकते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. कमी झालं तर साच्याची कड ढासळते आणि वाळू लोखंडात जाते. मोठ्या फौंड्रीत हे तपासायला प्रयोगशाळा असते. इथे त्या मोल्डरचा तळहात होता.

काम वाढत गेलं. आठाची पंचेचाळीस माणसं झाली. कोकवरची जुनी भट्टी गेली, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आली. मग एका गिऱ्हाइकाने दुप्पट माल मागितला. बँक, गिऱ्हाईक, हिशेब यांतून मालकाला शॉपवर यायला वेळ मिळेना. एका संध्याकाळी त्याने मोल्डरला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, "उद्यापासून मोल्डिंगचा सुपरवायझर तू. तुझ्यापेक्षा चांगलं काम कुणाला येतंय?"

पगार वाढला. डोक्यावर पिवळ्याच्या जागी पांढरं हेल्मेट आलं. त्याने सगळ्यांना पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. काम नक्की काय बदललं, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नाही.

मिस्त्री सगळ्यांच्या आधी येऊ लागला आणि सगळ्यांच्या मागून जाऊ लागला. कुणी साचा ठोकताना दिसला आणि ठोका त्याला पटला नाही की तो म्हणे, "सोड, मी करतो." वाळू ठोकायचा रॅमर आपल्या हातात घेई आणि साच्याची पेटी पुरी करून देई. पेटी सुंदर होई. ज्याची पेटी, तो बाजूला उभा राही. वाळूचा मिक्सर थांबला की सगळे मिस्त्रीची वाट बघत, कारण त्याची मूठ झाल्याशिवाय वाळू पुढे जात नसे. तो दुसऱ्या टोकाला असला तर मिक्सरजवळचा पोरगा हात पुसत बसून राही.

शॉपवर एक आबा होते. वीस वर्षांचे जुने, भट्टी आणि ओतकाम बघणारे. पूर्वी मोल्डर आणि आबा एकत्र डबा खात. आता आबा डबा घेऊन पलीकडे बसू लागले. मिस्त्रीला ते जाणवलं, पण काय बोलावं हे त्याला सुचलं नाही. त्याने आणखी जोरात काम केलं.

मग बहिणीच्या लग्नासाठी त्याला दोन दिवस गावी जावं लागलं. परत आला तेव्हा फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या बाजूला कास्टिंगचा ढीग पडला होता. ग्राइंडर फिरवल्यावर वरचा पापुद्रा गेला होता आणि आतल्या पोकळ्या उघड्या पडल्या होत्या. वाळू ओली गेली होती. मिस्त्रीने मिक्सरवरच्या पोराला सगळ्यांसमोर उभं केलं आणि तोंडाला येईल ते बोलला. पोरगा खाली बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही.

मालकाने तेव्हा मामांना निरोप धाडला.

मामा एका मोठ्या फौंड्रीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. नव्याने वर चढलेल्या माणसांना ते मदत करत. आठवड्यात अधूनमधून येत, हातात काही कागद नसे. पहिल्या दिवशी ते मिस्त्रीबरोबर नुसते फिरले. संध्याकाळी वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी दोन पेट्या पालथ्या घालून दोघे बसले.

मामांनी विचारलं, "आज दिवसभर काय काय केलंस?"

मिस्त्रीने सांगितलं. नऊ पेट्या स्वतः ठोकल्या. चार वेळा वाळू बघितली. दोन कोअर बसवले. एक मोडका पॅटर्न दुरुस्त केला.

"हे तर मोल्डरचं काम झालं. सुपरवायझरनं काय केलं?"

मिस्त्री गप्प झाला.

"बरं, राहू दे. वाळू चांगली झाली हे तुला कसं कळतं, तेवढं सांग."

"हाताला कळतं, मामा."

"हाताला काय कळतं?"

मिस्त्रीने वाळू उचलली, दाबली, मोडली. "हे असं." मामांनीही मूठभर घेतली. "मला नाही कळलं. माझे डोळे झाकलेत असं समज, आणि सांग."

त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत दोघे तिथेच होते. मिस्त्री मूठ दाबायचा, थांबायचा, शब्द शोधायचा. हळूहळू बोलू लागला. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. गोळा दोन बोटांत मोडला की कड धारदार हवी, चुरा होता कामा नये. मूठ उघडल्यावर तळहात कोरडा हवा, वाळू चिकटून राहिली तर पाणी जास्त. हाताला वाळू गरम लागली तर ती अजून वापरायची नाही, कारण गरम वाळूतलं पाणी पेटी भरेपर्यंत उडून जातं. एवढं सगळं आपल्याला ठाऊक आहे, हे त्याला स्वतःला त्या दिवशी कळलं. कामगाराच्या हातात साठलेलं ज्ञान असं असतं. त्याने ते कधी लपवलेलं नसतं. त्याला कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

"आता त्या पोराचं काय?" उठताना मामा म्हणाले.

"उद्या घरी जातो त्याच्या. चुकलं म्हणून सांगतो."

"त्याला बोललास कुठं?"

"इथं. सगळ्यांसमोर."

"मग माफी घरात का?"

मिस्त्री पोराच्या घरी गेला, पण तिथे त्याने फक्त कामावर यायला सांगितलं. सकाळी सगळी माणसं जमल्यावर तो म्हणाला, "वाळू कशी बघायची हे मी ह्याला कधीच शिकवलं नव्हतं. चूक माझी होती आणि बोलणी ह्यानं खाल्ली." त्याचा आवाज नीट निघाला नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग पोराला मिक्सरजवळ नेऊन त्याने पहिल्यापासून दाखवलं. ठसे, कड, तळहात, गरमपणा. आधी स्वतः केलं, मग त्याला करायला लावलं, मग करता करता 'का' ते त्याच्याकडून वदवून घेतलं. पोराने चुकीचं कारण सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या खेपेला मामांनी एक अट घातली. "आठ दिवस रॅमरला आणि वाळूला हात लावायचा नाही. हात पाठीमागे. बघायचं, विचारायचं, शिकवायचं."

मिस्त्रीला ते आठ दिवस फार जड गेले. समोर पेटी वाकडी ठोकली जात होती आणि त्याला तिच्याशेजारी उभं राहायचं होतं. तो विचारी, "इथं कडेला हवा कशी बाहेर जाईल?" मोल्डर थांबे, विचार करी आणि सळई घेऊन आणखी चार भोकं पाडी. कधी एका प्रश्नाने काम होई, कधी तीन लागत. स्वतः केलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं, हे मिस्त्रीला प्रत्येक वेळी वाटे.

मामा आलेले असताना एकदा पोराने वाळूची मूठ दाबली, मोडली, आणि पुढे सोडली. मिस्त्रीने दुरूनच ओळखलं की वाळू थोडी ओली आहे. पाठीमागचे हात सुटले. मामा हळूच म्हणाले, "थांब. अंगावर उडेल एवढी ओली आहे का?"

"न्हाई. पण पोकळ्या पडतील."

"किती पेट्या?"

"सहा."

"सहा बॉड्या, अठरा किलोची एक. शंभर किलोच्या वर थोडं. एक टन वितळवायला साधारण 600 युनिट वीज जाते. म्हणजे हे साठ-पासष्ट युनिट झाले आणि दोघांची अर्ध्या दिवसाची मेहनत. लोखंड जातं का कुठं?"

"न्हाई. फोडून परत भट्टीत."

"मग एवढ्या पैशांत तो काय शिकेल, ते बघू."

पेट्या ओतल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ग्राइंडरखाली पोकळ्या निघाल्या. मिस्त्रीने पोराला बोलावलं, एकट्याला. कास्टिंग त्याच्या हातात दिलं आणि काहीच बोलला नाही. पोराने ते फिरवून बघितलं. "पाणी," तो म्हणाला. "तळहाताला चिकटत होती. मला वाटलं एवढ्यानं काय होतंय." त्या दिवसापासून तळहाताला वाळू जराही चिकटली की पोरगा मिक्सरमध्ये सुकी वाळू टाकून पुन्हा फिरवू लागला. मिस्त्रीची वाट बघणं त्याने सोडून दिलं.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली.

भट्टीत लोखंडाचा रस तयार होता. रस ओतायची एक लॅडल आदल्या दिवशीच आतून नव्याने लिंपली होती. ओतण्याआधी ती बर्नरवर पूर्ण सुकवून लाल करावी लागते. बर्नर मध्येच बंद पडला होता. रस थांबवून ठेवला की वीज जळत राहते. आबा घाईत होते. त्यांनी लॅडलला बाहेरून हात लावून बघितलं, "चालतंय" म्हणाले आणि ती भट्टीखाली न्यायला सांगितली.

मिस्त्री पलीकडे हात पाठीमागे बांधून उभा होता. त्याने लॅडलच्या आतला ओलसर काळपट डाग पाहिला आणि धावला. "थांबवा! भट्टी वाकवू नका!" तो एवढ्या जोरात ओरडला की ग्राइंडरवाल्यांनीही मशीन बंद केलं. त्याने दोन्ही हातांनी लॅडल मागे ओढली. पाण्याची वाफ होते तेव्हा ते सुमारे 1,700 पट फुगतं. लॅडलच्या ओल्या लेपावर 1,400 अंशांचा रस पडला असता तर तो उसळून वर आला असता, आणि समोर चार माणसं उभी होती.

आबांचं तोंड उतरलं. दुपारी मामांसमोर मिस्त्री म्हणाला, "मामा, अट मोडली. हात लावला. वर आबांना सगळ्यांसमोर ओरडलो."

मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "तू तिथं हात बांधून उभा राहिला असतास तर हे पांढरं हेल्मेट मीच काढून घेतलं असतं. वाळूची चूक भट्टीत परत जाते. ही चूक कुठं परत जाणार?" मग म्हणाले, "ओरडलास ते बरोबर केलंस. आता आबांकडं जा. ते ओरडणं तसंच राहिलं तर तेही बरं नाही."

मिस्त्री आपला डबा घेऊन आबांच्या शेजारी जाऊन बसला. थोडा वेळ दोघे गप्प जेवले. मग आबाच बोलले. "माझी वीस वर्षं झाली हितं. हेल्मेट तुला मिळालं. राग तुझ्यावर न्हवता. पण मला कुणी विचारलंसुद्धा न्हाई." मिस्त्रीने मान हलवली. त्याच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. त्याने विचारलं, "आबा, आज काय झालं असतं?" आबांनी हातातली भाकरी खाली ठेवली. ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. रातीला झोप लागायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मालकाची परवानगी घेऊन सगळ्यांना सांगितलं, की लॅडल तयार आहे की नाही हे यापुढे आबा ठरवतील. त्यांनी नाही म्हटलं तर रस थांबेल. मिस्त्रीने ओता म्हटलं तरी थांबेल, मालकाने घाई केली तरी थांबेल. ज्याच्या हातून चूक होता होता राहिली त्यालाच हा अधिकार कसा दिला, असं काहींना वाटलं. आबांनी त्यानंतर एकही लॅडल आत बॅटरी मारून बघितल्याशिवाय हलू दिली नाही.

एक माणूस अजून बाकी होता. तो म्हणजे मालक. आठ माणसांच्या वेळची सवय त्याच्या अंगातून गेली नव्हती. गिऱ्हाइकाचा फोन आला की तो सरळ शॉपवर येई आणि समोर दिसेल त्याला सांगे, "हे ठेव बाजूला, ते आधी कर." एका सकाळी त्याने पोराला असंच सांगितलं. पोरगा एकदा मालकाकडे बघे, एकदा मिस्त्रीकडे. दिवसाचं सगळं गणित कोलमडलं.

मामा ऑफिसात गेले. "मालक, हेल्मेट तुम्हीच दिलंत. मग त्याच्या डोक्यावरून का बोलता?"

मालकाला राग आला. "फौंड्री माझी हाय, मामा. माझ्या माणसाला मी सांगायचं न्हाई?"

"सांगा की. पण मग त्या पोरानं उद्यापासून कुणाचं ऐकायचं, तेही सांगून टाका."

मालक खिडकीतून शॉपकडे बघत राहिला. मग दोघांनी मिस्त्रीला आत बोलावलं. असं ठरलं, की मालकाने कुठेही फिरावं, कुणालाही काहीही विचारावं, पण काम बदलायचं असेल तर ते मिस्त्रीला सांगावं. रोज सकाळी दहा मिनिटं दोघांनी उभ्या उभ्या बोलावं. आज भट्टीच्या किती हीट, कुठला माल आधी, कोण रजेवर.

आठवडाभरात मालक पुन्हा विसरला. या वेळी मामा नव्हते. मिस्त्री ऑफिसच्या दारात बराच वेळ घुटमळला. मग आत जाऊन म्हणाला, "मालक, सकाळी तुम्ही परत त्याला थेट सांगितलंत." एवढंच बोलायला त्याला पहिल्या दिवसापासूनचं सगळं धैर्य लागलं. मालक म्हणाला, "चुकलं. आता कसं करू या?"

मामा पुढे महिन्यातून एकदा येऊ लागले, नंतर तेही थांबलं. रिजेक्शन कमी झालं, पण गेलं नाही. फौंड्रीत ते कधीच पूर्ण जात नाही. मिस्त्री दिवाळीत चार दिवस गावी राहिला तेव्हा त्याला शॉपवरून एकच फोन आला. तोही आबांनी पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला केला होता.

वाढत्या लहान धंद्यांत अशी पुष्कळ माणसं आहेत. हात चांगला म्हणून त्यांना वर बसवलं जातं आणि बसवणाऱ्याला वाटतं की आपलं काम झालं. खरं तर तिथूनच त्या माणसाला सोबत लागते. आपल्या हातातलं दुसऱ्याच्या हातात कसं घालायचं, कुठली चूक होऊ द्यायची आणि कुठल्या चुकीवर धावून जायचं, हे कोणाला पेढे वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी येत नाही. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी प्रशिक्षणाचे वर्ग असतात. लहान ठिकाणी एखादे मामा भेटले तर भेटले. मालकाने त्यांना वेळेवर निरोप धाडला, हे त्याचं मोठेपण मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या वर्षी फेटलिंगलाही सुपरवायझर नेमायची वेळ आली. मालकाच्या मनात सगळ्यात वेगाने ग्राइंडर चालवणारा होता. मिस्त्री म्हणाला, "त्याचा हात चांगलाय, मालक. पण नवीन माणूस आला की ग्राइंडरचा दगड कसा बदलायचा हे कोण शिकवतं, ते जरा बघू या." दोघांनी आठ दिवस बघितलं. शिकवणारा वेगळाच निघाला. वेगाने मधला, बोलण्याने मवाळ.

मिस्त्रीने त्याला बोलावलं आणि या कामात काय असतं ते आधी सगळं सांगितलं. दिवसभरात आपल्या हातून एकही कास्टिंग साफ होणार नाही हे सांगितलं, जुने मित्र काही दिवस दूर बसतील हेही सांगितलं. नाही जमलं तर पगार कमी न होता पुन्हा ग्राइंडरवर जाता येईल, हे मालकाकडून कबूल करून घेतलं होतं, तेही सांगितलं. आणि मग विचारलं, "तुला हे काम हवंय का?"

तो माणूस म्हणाला, "घरात विचारून सांगतो. दोन दिवस द्या."

मिस्त्री म्हणाला, "घे की. आणि घरातनं काय प्रश्न आले तर तेही घेऊन ये."